शैलाची खुर्ची आणि वाणाचा डबा

२ ऑक्टो., कोबे, जपान
मी बोलते, सूनबाई लिहिते. मेघनाचं अक्षर चांगलं आहे म्हणतात. मला सगळ्यांचं सारखंच.
आज तिकडच्या पेपरात माझा फोटो. लेकाने, अजितने मोबाइलवर दाखवला. संक्रांतीचं हळदीकुंकू, आमच्या भागातल्या आमदार कुंदाताईंकडचं. हातात वाणाचा स्टीलचा डबा, मागे त्यांच्या पक्षाचा झेंडा. खाली लिहिलंय म्हणे, होणाऱ्या न्यायाधीशांच्या मातोश्री कोणाच्या, बघा.
नाक जरा मोठं आलंय.

४ ऑक्टो.
हायकोर्टात कितीतरी खुर्च्या रिकाम्या. मोठ्या न्यायाधीशांनी माझ्या लेकीचं, शैलाचं नाव सुचवलंय. ती वकील, धरणग्रस्तांच्या बाजूने कोर्टात सरकारशी भांडली, म्हणून सरकार तिची फाइल दाबून बसलंय. कुंदाताईंचंच सरकार. आणि विरोधी ओरडतात, ती सरकारचीच, फोटो बघा. निवडणूक तोंडावर, दोघांनाही जोर चढलाय.
फोनवर म्हटलं, "अगं, मी त्या दुसऱ्यांच्या हळदीकुंकवालाही गेले होते. गाळणी दिली त्यांनी. तो फोटो दाखव."
"मग त्यांची म्हणतील, आई. मी कुणाचीच नाही, ह्याचा फोटो कुठून आणू?"
मी गाळणी किती बारीक ते सांगत बसले. असं नेहमी होतं. (खरंय. – मे.)

९ ऑक्टो.
इथेही निवडणूक. शेजारच्या तानाका-सान मेघनाला सांगत होत्या, मतदानाला न्यायाधीशांच्या नावांचाही कागद मिळतो. नको असेल त्याच्यावर फुली. फुली मलाही येते. पण नावं वाचायला कुणीतरी लागणार, आणि तो आपल्या मनाचं वाचणार.
मेघना फुगली. तुझं नाही म्हणत गं.

११ ऑक्टो.
कुंदाताईंचा फोन. "काकू, थंडी आहे का तिकडे?" मग मुद्दा. "एक व्हिडिओ पाठवा, त्यात एवढंच बोला, आमचं घर पहिल्यापासून तुमच्याबरोबर. निवडणूक लागायच्या आत फाइल सुटेल. शब्द देते."
विचार करून सांगते म्हटलं.
अजित म्हणाला, "बोलून टाक ना. कोण लक्षात ठेवतंय?"
काळा कोट चढवला तेव्हापासून शैलाची नजर त्या खुर्चीवर. बोलत नाही, मला दिसतं. एक वाक्य फक्त. वाचता नसेल येत, बोलता तर येतं मला...


१२ ऑक्टो.
कुंदाताईंना फोन लावायला सांगितला. "डबा छान आहे हो. झाकण घट्ट बसतं, मेघना रोज ऑफिसला नेते. दुसरं काही बोलायचं नाही मला."
"काकू, शैलाताईंचं नुकसान होईल."
"होईल."
मग घासलेलाच डबा पुन्हा घासला. हे नको लिहूस. (लिहिलं. – मे.)

१५ ऑक्टो.
तिकडे निवडणूक जाहीर. आता फाइलला कोण हात लावतोय! पुढचं सरकार येईपर्यंत पोरीचं न्यायाधीश व्हायचं वय उलटलं तर...
दुपारी शैलाचा फोन, कोर्टातून. "कुंदाताई तुला काही म्हणाल्या का?"
"डब्याचं चाललं होतं."
ती लगेच ओळखून हसली.
"आई, तू एक वाक्य जरी बोलली असतीस ना, तर मी त्यांची झाले असते," म्हणाली, आणि मागून कुणीतरी हाक दिली, मॅडम, आपली केस पुकारली.
गेली उभी राहायला.