डाव्या कानातली कुडी

शनिवार, १७ फेब्रुवारी १९९६

आज पुन्हा कोठी भागातल्या डॉक्टरांकडे गेले होते. पुढे आलेले कान ऑपरेशन करून मागे बसवून घेतले, त्याला चार महिने झाले. उजवा बसला. डावा हळूहळू परत बाहेर येतोय. आरशात बघितलं की उजवी कुडी सरळ आणि डावी तिरकी दिसते. डॉक्टरांनी दाबून पाहिलं. म्हणाले, "आतला टाका सुटलाय. पुन्हा उघडावं लागेल, परेशान होऊ नको बेटा."

घरी आले तर आई फोनवर. पलीकडे मुलाची आई. पुढच्या रविवारी साखरपुडा आहे आणि ऑपरेशनचं आम्ही त्यांना सांगितलेलं नाही. त्यांच्याकडे रीत आहे म्हणे, सुनेच्या कानात मोत्याच्या कुड्या सासूनं आपल्या हातानं घालायच्या. आई गोड आवाजात "हो, घाला ना" म्हणाली. फोन ठेवला आणि माझ्याकडे बघतच राहिली.

फिरकी लावायला बोटं कानाच्या मागेच जाणार. वण तिथपर्यंत उतरलाय, दोरीसारखा टणक. आईनं माझे केस कानांवर ओढून पाहिले, मग सोडून दिले. कुडी घालताना केस बाजूला करतातच की. आता सांगावं का? आणि कुणी सांगायचं?

लिहिता लिहिता सारखं बोट तिकडे जातंय. मघाशी सहज उजव्या कानामागेही फिरवलं. तिथे टाक्याच्या दोऱ्याचं एक टोक बोचलं. काल ते नव्हतं.