तिसऱ्या फोटोतली माशी

हुडकेश्वर, नागपूर
१४ जुलै १९७६

प्रिय पुष्पलता,

माझ्या सासऱ्यांनी, म्हणजे मामाजींनी, स्वतः चिकटवून पाठवलेलं पाकीट तुला मिळालं असेलच. आमच्या परसबागेतल्या माश्यांचे तीन फोटो, आणि 'कोणत्या माश्या ते कळवावे' एवढीच ओळ. अकोल्यात बसून किडे शिकतेस ना, मग हो आता पंच.

झालं असं की झाडावरचे पेरू हिरवेच गळायला लागले. चवळीवर पिवळ्या पट्ट्यांच्या माश्या हवेत एका जागी थरथरत होत्या, मामाजींनी त्यांनाच चोर ठरवलं आणि रविवारी अख्ख्या बागेवर विषारी औषध मारायला माणूस सांगून आले. मी म्हटलं, यांच्या अळ्या चवळीवरची मावा कीड खातात, यांना माराल तर चवळी हातची जाईल. गळलेले दोन पेरू कापून दाखवले, आत अळी नव्हती. पण ऐकतील तर मामाजी कसले. "माशी ते माशी. तू काहून तिची वकिली करून राहिली वं?" माझं डोकं फिरलं की जीभ कशी सुटते ते तुला ठाऊक आहे. बोलून गेले, या बागेत फळं नासवणारी एक जरी फळमाशी निघाली तरी एम.एस्सी.चं नाव काढणार नाही. ते हसले नाहीत. "अन् नाही निघाली तं मी सोता तुले कॉलेजात नेऊन देतो," म्हणाले. लग्न झाल्यापासून या विषयावर त्यांचं नुसतं 'पाहू' चाललं होतं. आमच्या ह्यांनी दोघांच्या मधे न पडता कॅमेरा तेवढा आणून दिला, पुढे भिंग बसवून.

फोटो काळे-पांढरे, त्यामुळे पट्टे सगळ्यांचे सारखेच. मामाजींनी चष्मा पुसून पुसून पाहिले आणि शेवटी तुझ्यावर सोपवलं, औषधवाल्यालाही तुझं उत्तर येईपर्यंत थांबवलं. तेव्हापासून घरात माशीचं नाव कोणी घेत नाही. पोस्टमन यायच्या वेळी ते फाटकाशी असतात, मी स्वयंपाकघराच्या खिडकीशी. कॉलेजातले प्रवेश या महिन्याबरोबर संपतील. कामात लक्ष लागत नाही गं, काल वरणात दोनदा मीठ घातलं.

हे पत्र मी चोरून लिहितेय, कारण पाकीट बंद व्हायच्या आधी मी ते फोटो भिंगाखाली धरले होते. चवळीवरच्या दोघी माझ्याच, मावा खाणाऱ्यांच्या जातीच्या. तिसरी पेरूवर बसलेली आहे. तिच्या पंखाच्या कडेला काळी रेघ आहे आणि शेपटाशी अंडी घालायची सुई. पुष्पा, ती फळमाशी आहे. तो फोटो काढून घ्यायला हात गेला होता, तो मी मागे घेतला. आता भीती तुझी वाटते. माझ्यावरच्या मायेनं तू तिन्ही एकाच जातीच्या लिहिशील, मामाजी ते खरं मानतील आणि मला कॉलेजात नेऊन सोडतील. तसं करू नकोस. पहिल्या दोन कोण, तिसरी कोण, ते नीट लिही. गळलेली फळं खोल पुरा, चवळीवर औषध मारू नका, हेही लिही, म्हणजे त्या दोघी तरी वाचतील. मला एम.एस्सी. करायची आहे गं, फार करायची आहे. पण माशी बघून खोटं नाव सांगायचं असेल, तर मी कॉलेजात जाऊन शिकणार काय?

तुझीच,
उत्तरा