चिंचोक्याची खळ

लालबाग,
दि. १८ नोव्हेंबर २०२५

आदरणीय जयवंतदादा यांस,
प्रफुल्लचा नमस्कार.

आपण व वहिनी वरळीच्या नव्या इमारतीत राहायला गेल्याचे आपली नात पूर्वी हिच्याकडून कळले. लिफ्टमुळे आपल्या गुडघ्यांना आराम पडला असावा. माझी प्रकृती ठीक आहे. पोळ्या बाहेरून येतात; भाजी मी स्वतः करतो आणि ती खाण्याजोगी असते.

दहा महिन्यांनी लिहीत आहे. फोन करता आला असता. परंतु फोनवर मी विषय बदलतो, हे आपण जाणता.

प्रथम कंपनीविषयी. लालबागच्या गाळ्यात आम्ही सहाजण बॅटरीसाठी लागणारा चिकट पदार्थ तयार करतो, आणि पुण्याची एक संशोधन संस्था तो वापरून बॅटऱ्या बनवते व तपासते. नव्या पिढीच्या बॅटरीत सिलिकॉनची पूड असते. तिच्यात विजेचा साठा पुष्कळ मावतो. मात्र चार्ज होताना ती फुगते आणि उतरताना आक्रसते. नेहमीचा गोंद या ओढाताणीत सुटतो, पूड तांब्याच्या पत्र्यावरून गळते, बॅटरी निकामी होते. आमच्या चिंचोक्याच्या खळीने ती पूड आठशे वेळा फुगूनही धरून ठेवली. आकडा पुण्याने तपासलेला आहे. हा पदार्थ बाजारात जाणार, याविषयी माझ्या मनात तिळमात्र शंका नाही.

खळ म्हणजे काय, हे मी आपल्याला समजावणे हास्यास्पद आहे. आपले व आपल्या वडिलांचे आयुष्य मिलच्या सायझिंग खात्यात सुताला खळ चढवण्यात गेले. बॅटरीत खळ वापरण्याची कल्पना माझी नव्हे; ती आपल्या बहिणीची, शेवंतीची. पूड सुटते, पूड सुटते, अशी माझी तक्रार महिनाभर जेवताना ऐकून ती म्हणाली, "अहो, मागावर सूत एवढं ताणलं जायचं, तरी तुटायचं नाही ते कशानं? बाबांची खळ लावून बघा की एकदा!" मी हसलो. दुसऱ्या दिवशी ती डबाभर खळ घेऊन गाळ्यावर हजर झाली.

शेवंतीच्या तेराव्याला आपण कंपनीची पुस्तिका उघडून मला विचारलेत, "सगळ्यांचे फोटो आसत. आमच्या शेवंतीचो खंय आसा?" मी म्हणालो, त्यात केवळ शास्त्रज्ञांची नावे व फोटो असतात. त्यावर आपण म्हणालात, "मगे ती खळ शिजवल्यान कोणी?" आणि पानावरून उठलात. पाहुण्यांसमोर आपण असे बोलायला नको होते, असे मला तेव्हा वाटले. बरेच दिवस वाटत राहिले.

आता मूळ मुद्दा. शेवंतीने केलेली शेवटची बरणी मे महिन्यात संपली. त्यानंतर आम्ही माझ्या लेखी कृतीप्रमाणे पाच वेळा खळ तयार केली. पाचही वेळा लेप तिसऱ्या दिवशी सोलून निघाला. पुण्याच्या संशोधिका पद्मजा यांचा फोन आला.

"सर, जुना नमुना कोणी केला होता?"

"आमच्याच लॅबमध्ये झाला."

"मग तुमच्याच लॅबला तो पुन्हा का जमत नाही?"

मी रजिस्टर पाहून सांगतो म्हणालो. रजिस्टरमध्ये माझ्याच अक्षरात नोंद आहे: ऐंशी अंश तापमान, यंत्राने चाळीस मिनिटे ढवळणे. प्रत्यक्षात ती खळ आमच्या स्वयंपाकघरात, गॅसवर, लाकडी डावाने ढवळून होत असे. पुण्याच्या विद्वान मंडळींसमोर पातेले आणि डाव मांडण्याची मला लाज वाटली. एकतीस वर्षे मी महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवले. जे केले तेच लिहा, असे प्रत्येक वर्गाला बजावले. पातेले लपवायचे तर पातेलेवालीही लपवावी लागली. तिचे नाव गळाले ते असे. आपल्या प्रश्नाचे हे खरे उत्तर.

येत्या ३१ जानेवारीपर्यंत एकसारखे तीन नमुने दिले नाहीत, तर पुण्याची संस्था दुसरा पदार्थ घेईल आणि करार संपेल. शेवंतीची खळ मग कोणत्याही बॅटरीत जाणार नाही.

गेल्या सोमवारी मी पद्मजाबाईंना सर्व सांगितले. त्या म्हणाल्या, "सर, पाच महिने मी माझी यंत्रं बदलत बसले हो! हे आधी सांगायचं ना!" मी क्षमा मागितली. त्याच दिवशी दुरुस्त नोंद पाठवली. शोधकांच्या यादीत आता पहिले नाव शेवंतीचे आहे. हे पत्र लिहिण्याआधी ते केले, कारण तो सौदा ठरू नये अशी माझी इच्छा होती. आपण मदत केली नाहीत, तरी ते नाव तिथेच राहील.

त्यानंतर पद्मजाबाईंनी साहजिकच विचारले, "मॅडम नेमकं काय करायच्या?" दादा, मला ते सांगता आले नाही.

रुग्णालयात दाखल होण्याच्या चार दिवस आधी तिने स्वयंपाकघरातून हाक मारली होती. "अहो, आज तरी उठून या. डावावरनं तार कशी पडते ते बघून ठेवा, लिहून कळायचं नाही." मी टेबलाशी बसून पुण्यासाठी अहवाल लिहीत होतो. म्हणालो, प्रमाण लिहिलेले आहे, तेवढे पुरेसे आहे. ती पुन्हा बोलावायला आली नाही. रिकामी बरणी मी अजून घासलेली नाही. तिच्या काठाला वाळलेली खळ मी प्रयोगशाळेत तपासून पाहिली. घटक सगळे कळले. तार कळली नाही.

ती आपल्याला कळते. म्हणून रविवारी सकाळी दहा वाजता मी वरळीला येत आहे. चिंचोके, पातेले, डाव आणि कोरी वही सोबत आणीन. आपण शिजवावे, मी शेजारी उभा राहीन. आपण जे बोलाल ते, त्यात मला दिलेल्या शिव्या असल्या तरी, जसेच्या तसे लिहून घेईन. तीन नमुने मुदतीच्या आत होतील, याची मला खात्री आहे.

वहिनींना नमस्कार.

तिने हाक मारली तेव्हा न उठलेला,
प्रफुल्ल