न वाचलेला शब्द

प्रिय शेंडेफळा,

तुझे तीन फोन मी मुद्दामच उचलले नाहीत. फोनवर तू मला बोलू देत नाहीस आणि मी लगेच चिडते, म्हणून हे पत्र. शेवटपर्यंत वाच, मग काय आदळआपट करायची ती कर.

आईची तब्येत तशी बरी आहे, पण हात फार कापायला लागलाय. परवा तिने एक जुनं घड्याळ उघडलं, तर चिमट्यातला स्क्रू तीनदा खाली पडला. चौथ्यांदा तिने चिमटाच भिरकावला. चाळीस वर्षं लोकांची घड्याळं दुरुस्त केलेली बाई रे ती! मेंदूत तारा बसवायचं ऑपरेशन झालं की हात थांबेल, एवढंच तिने धरून ठेवलंय. बंद दुकानाची झाडलोटसुद्धा करून आली.

तुला ठाऊकच आहे, ऑपरेशनआधी स्मरणशक्ती आणि विचारशक्ती तपासतात. ती आधीच उतरणीला लागली असेल, तर हात सुधारून डोकं आणखी बिघडायची भीती असते. कंपवाताने हात कापतो हे सगळ्यांना दिसतं. आत विचार कसा मंदावतो, हे शोधण्यात माझी अठरा वर्षं गेली. आपल्याच माणसाला तपासायचं नाही असा आमचा नियम, म्हणून आईला माझ्या सहकारी मैत्रिणीने तपासलं. पंधरा शब्द वाचून दाखवायचे, आईने आठवतील तेवढे सांगायचे. पंधराच्या पंधरा! मी तर हुरळूनच गेले. अख्ख्या विभागाला कॉफी पाजली, तू ऑपरेशनला यायचं तिकीट काढलंस. बाकीच्या चाचण्या काठावर होत्या, पण त्या आनंदात त्यांच्याकडे कुणी धड पाहिलंच नाही.

मंगळवारी दुपारी, अहवाल पुढे पाठवण्याआधी, मी तपासणीचं रेकॉर्डिंग ऐकलं. मैत्रिणीने वाचताना चुकून एक शब्द गाळला होता, 'शिट्टी'. तिने चौदाच वाचले होते. आईने मात्र पंधरा सांगितले, शिट्टीसकट. ती यादी मी शिकत असताना तयार केलेली. सेकंदाला एक शब्द, एका सुरात वाचायची सवय व्हावी म्हणून मी घरी महिनोन्‌महिने घोकायचे, आणि हातात घड्याळ धरून वेळ कोण लावायचं? आईच की! एवढी शिकलेली मी, पण यादी तिलाही पाठ झाली असेल हे माझ्या ध्यानातही आलं नाही.

घरी येऊन तिला विचारलं. लाजली नाही की घाबरली नाही. म्हणाली, अगं, पाठ होतं ते सांगितलं, कॉपी थोडीच केली? आणि तू गप्प बस, तुझं काय जातंय? मग तिने माझा हात धरला. तिचा हात माझ्या हातात थरथरत होता आणि खरं सांगते, मी गप्प बसायला तयार झाले होते. रात्रभर तयार होते. सकाळी तिच्या नाकदुऱ्या काढून तिला पुन्हा नेलं, मैत्रिणीला नवी यादी घ्यायला लावली. पाच शब्द आले. पाचच.

पहिला अहवाल मी आज रद्द केला. शुक्रवारी डॉक्टरांच्या बैठकीत खरे आकडे ठेवणार, आणि ते नकार देणार हे मला माहीत आहे. हात कापणारी आई मला चालेल. हात स्थिर, पण घड्याळ उघडून पुढे काय करायचं तेच न सुचणारी आई मला बघवणार नाही. नकार तिला मीच सांगेन. ती माझ्याशी बोलणं टाकेल, किती दिवस कोण जाणे. म्हणून तुला लिहितेय. तिकीट रद्द करू नकोस. ये, आणि निदान तिच्यासमोर तरी मला समजून घेऊ नकोस. तिच्या शेजारी बस, ताईने वाटोळं केलं म्हण, माझ्यावर यथेच्छ ओरड. तिच्या बाजूने घरात कुणीतरी हवं रे, आणि या वेळी मला ते होता येणार नाही.

तुझीच,
ताई