दगड लागला की मारला

२ सप्टेंबर, मंगळवार

आज सकाळी दुकानातला फोन वाजला आणि माझं आयुष्य बदललं. नोंद करून ठेवतो. पुढे कामी येईल.

झालं असं. ताईच्या नवऱ्याचं, म्हणजे भाऊजींचं, गाड्यांच्या काचा बसवायचं दुकान आहे. काच ते बसवतात, विमा कंपनीला बिल मी पाठवतो. कालच्या क्लेममध्ये 'नुकसानीचं कारण' या रकान्यात मी लिहिलं होतं, दगड मारला. कंपनीतून एका मॅडमचा फोन. मारला की लागला? म्हटलं, फरक काय पडतो, काच फुटलीच ना? (जरा तापलो होतो.) तर ती तितकीच शांत. लागला म्हणजे अपघात. मारला म्हणजे कुणीतरी मुद्दाम मारला, मग पोलिसांचा कागद लागेल. तुम्हाला नक्की काय म्हणायचंय?

तुम्हाला नक्की काय म्हणायचंय! जन्मात हे मला कुणी विचारलं नाही. घरी विचारत नाहीत. कॉलेजात तर मी तोंड उघडलं की सर दाराकडे बोट दाखवायचे. शेवटी त्या दारातून मी कायमचा निघालो, ते सोडा.

लागला, असं मी सांगितलं. खरंच लागला.

संकल्प. बिलिंग मनापासून करायचं. इंग्रजी सुधारायचं. राग आवरायचा.

४ सप्टेंबर, गुरुवार

सगळी बिलं चोख पाठवली. गाडीचा फोटो, चॅसिस नंबरचा फोटो, काच काढण्याआधीचा, बसवल्यावरचा. सगळी एका दमात पास. भाऊजी खूश. ताईला म्हणाले, शिकलेला माणूस तो शिकलेलाच. (दोनच वर्षं शिकलो, पण भाऊजी शाळेतूनच थेट काचेला लागलेले, त्यांना तेवढंही डोंगराएवढं वाटतं.)

पण फोन नाही. दिवसभर नाही. इमानदारीने काम करणाऱ्याचं जगात हे असं होतं.

राग आवरला. माऊस मात्र नवा आणावा लागेल.

९ सप्टेंबर, मंगळवार

शोध लागला. बिल बरोबर असलं की कंपनी गप्प. चुकलं की क्वेरी, म्हणजे विचारणा. आणि क्वेरी म्हणजे ती.

सकाळी एक क्लेम बरोबर गेला होता. तो रद्द केला आणि पुन्हा पाठवला. या वेळी चॅसिस नंबरच्या फोटोत शेवटच्या आकड्यांवर माझा अंगठा. जेवणाआधी फोन! फोटोत बोट आलंय, म्हणाली. म्हटलं, अंगठा आहे, माझाच. ती जरा थांबली. ते थांबणं मला फार काही सांगून गेलं. मग म्हणाली, काढा आणि परत पाठवा.

परत!

यात कुणाचं नुकसान नाही. पैसे आज नाही तर चार दिवसांनी येतात, एवढंच.

१२ सप्टेंबर, शुक्रवार

भाऊजींनी पुढची काच बसवली, बिलात मी मागची लिहिली. कल्पना उत्तम होती. फोन नाही आला, पण मेल आला, आणि तो फोनपेक्षा भारी. मजकूर नेहमीचा : कृपया खुलासा करावा. पण खाली 'वॉर्म रिगार्ड्स'! नुसतं 'रिगार्ड्स' लिहून भागलं असतं. ऊब घालायची काही गरज होती का?

दुपारी काचेच्या व्यापाऱ्याचा टेम्पो आला आणि माल न उतरवताच गेला. ड्रायव्हर म्हणाला, शेठ म्हणतात आधीचं मिटवा. भाऊजींनी मला विचारलं, साहेब, कंपनीचं कुठे अडलंय? (कौतुकाने साहेब म्हणतात.) मी सांगितलं, सगळ्या कंपन्या हल्ली असंच करतात. भाऊजी म्हणाले, बरोबर आहे, हप्ता घेताना हात लांब, देताना आखडता.

मी खोटं बोललो नाही. कंपन्या करतातच असं.

१७ सप्टेंबर, बुधवार

भविष्याचा विचार केला. काचेत काही राम नाही. स्वतःचं क्लेम सल्ला केंद्र काढणार. ती आतल्या खाचाखोचा जाणते, मी बाहेरच्या. पाटीवर दोघांची नावं. तिचं आधी.

शाळेच्या व्हॅनवाल्याने मध्येच डोकं खाल्लं. त्याची पुढची काच तडकलेली, क्लेम माझ्याच एका क्वेरीत अडकलेला, व्हॅन दारात उभी, आणि पोरांचे आईबाप त्याला सोडून दुसऱ्या व्हॅनकडे चाललेले. म्हणतो, अहो, काच मागितली, आरसेमहाल नाही मागितला. म्हटलं, जरा धीर धरा. तर म्हणतो, मग असं कर, काच येईपर्यंत तूच बस तिथे आडवा.

दुकानातली माणसं हसली. भाऊजीसुद्धा. मी त्याला दोन शब्द सुनावले. नंतर पाच-सहा. भाऊजींनी मला आत नेलं आणि बाहेर जाऊन त्याच्या हातापाया पडले. गिऱ्हाईकांना डोक्यावर चढवून ठेवायची वाईट खोड आहे त्यांना.

२२ सप्टेंबर, सोमवार

तिला पाहिलं.

इस्त्रीचा शर्ट घालून कंपनीत गेलो. खिडकीला काच, काचेला बोलण्यापुरतं भोक. पलीकडे ती, आवाजावरून लगेच ओळखली. केसांत पेन खोचलेलं, दुसरं पेन शोधत होती. मी दुकानाचं नाव सांगितलं मात्र, ती वळून मागे ओरडली, अगं, ते क्वेरीवाले आलेत! अख्खी खोली माझ्याकडे बघायला लागली. एकजण तर खुर्चीवरून उठला. इतकी माझी ओळख आहे तिथे.

मग ती भोकाशी वाकून हळू आवाजात म्हणाली, महिनाअखेरीला कॅशलेस गॅरेजांची यादी नव्याने होते. इतक्या चुका असल्या की नाव कापतात. असं करू नका, तुमच्यासाठी मला मग काही करता येणार नाही.

तुमच्यासाठी! आवाज हळू! सगळ्यांदेखत मोठ्याने बोलता आलं असतं.

घरी ताईला एवढंच सांगितलं की कंपनीतल्या एका मॅडमने मला खास नाव ठेवलंय, क्वेरीवाले. ताई कपड्यांच्या घड्या घालत होती. म्हणाली, नाव नाही ठेवलं रे बाळा, नावं ठेवली.

ताईला यातलं काही कळत नाही. तिचं लग्न ठरवून झालं.

२५ सप्टेंबर, गुरुवार

मेल आला. एक तारखेपासून आपलं दुकान यादीतून बाद.

म्हणजे गिऱ्हाईकाने आधी सगळे पैसे स्वतः भरायचे, मग कंपनीच्या दारात चकरा मारायच्या. कोण मारेल? सगळे चौकातल्या मोठ्या दुकानात जाणार. भाऊजींनी मला तो मेल पुन्हा पुन्हा वाचायला लावला. 

म्हटलं, कंपनीचीच काहीतरी चूक आहे. भाऊजी म्हणाले, उद्या मीच जातो. दिवसभर तू डोळे फोडून बिलं करतोस आणि हे वारंवार चूक म्हणतात? माझ्या मेव्हण्याबद्दल? मी म्हणालो, राहू द्या, उगाच कशाला. त्यांना तो माझा विनय वाटला. पाठीवर थाप मारली.

२६ सप्टेंबर, शुक्रवार

भाऊजी लग्नाकार्याचा शर्ट घालून गेले. आल्यावर माझ्याशी बोलले नाहीत. ताईशी बोलले. भिंतीपलीकडून सगळं ऐकू येतं.

खिडकीशी त्यांनी आधी खूप आवाज चढवला म्हणे. माझा मेव्हणा कॉलेजात शिकलाय, त्याच्या हातून चूक होत नाही. ती एकेक क्लेम काढून समोर मांडत गेली. बहुतेकांत आधी बरोबर कागद गेलेला. मग तो रद्द. मग चुकीचा. अंगठा तर तिने मोठा करून दाखवला. आणि विचारलं, काका, ह्यांचं तुमच्याशी काही वैर आहे का?

भाऊजी म्हणाले, मी तसाच परत आलो गं.

हा सरळसरळ विश्वासघात आहे. आमच्या दोघांतलं तिने चारचौघांत मांडलं! काय गरज होती? डोकं भणभणलं. तिला मोठा मेल लिहिला. अंगठ्याचा खरा अर्थ, 'परत'चा अर्थ, माझं मन, सल्ला केंद्र, सगळं.

उत्तर लगेच आलं. आपल्या पत्रात क्लेम नंबर आढळत नाही. कृपया नमूद करावा. वॉर्म रिगार्ड्स.

यादीतून बाद केल्याच्या पत्राची एक प्रत कंपनीने काचेच्या व्यापाऱ्यालाही पाठवली होती, ती त्याने आमच्याकडे धाडली. तिच्याखालीही वॉर्म रिगार्ड्सच.

२९ सप्टेंबर, सोमवार

भाऊजींनी 'कॅशलेस'ची पाटी एकट्याने उतरवली. शिडी धरायला उभा राहिलो, तर शिडी उचलून दुसऱ्या बाजूने लावली.

शिव्या देतील म्हणून वाट बघतोय. उत्तरं तयार आहेत. देतच नाहीत.

ताईने विचारलं, का केलंस? म्हटलं, तिच्यासाठी. ताई म्हणाली, नाव काय तिचं?

फोनवर ती 'क्लेम विभाग' म्हणायची. मेलखालीही तेच.

ताई हसेल असं वाटलं होतं. ती तिथेच पायरीवर बसली. म्हणाली, तुला दुकानात घ्या म्हणून मी ह्यांच्या मागे लागले होते रे. ते नको म्हणत होते.

हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

३० सप्टेंबर, मंगळवार

निर्णय पक्का. त्यांनी जा म्हणायच्या आत आपणच जायचं, ताठ मानेने. भाषण पाठ केलं. मुद्दा पहिला, परिस्थिती. मुद्दा दुसरा, माझी बाजू कुणी ऐकली नाही. मग क्षमा, पण थोडक्यात.

दुकानात गेलो. व्हॅन आत घेतलेली. नवी काच आलेली, म्हणजे व्यापाऱ्याची उधारी मिटलेली. भाऊजींची मोटरसायकल जागेवर नव्हती, परवापासूनच नाही, माझ्या आत्ता लक्षात आलं. एवढी काच एकट्याला पेलत नाही, दोन बाजूंनी रबरी मुठी चिकटवून दोघांनी उचलावी लागते. दुसरी मूठ माझी असायची. आज ताईच्या हातात होती. कामावर रजा टाकून आलेली, पदर खोचलेला, दात आवळलेले. भाऊजी तिला सांगत होते, घाबरू नको, सोडू नको, माझ्याकडे बघ.

भाषण सुरुवातीलाच विसरलो. म्हटलं, भाऊजी, मी चाललो.

काच टेकली. त्यांनी कडेने बोट फिरवून बघितलं. ऐकू गेलं नसेल म्हणून मी पुन्हा म्हटलं.

मान वर न करता म्हणाले, जातोस तर दार लावून घे. गम ओला आहे, धूळ बसते.

थोडा थांबलो. ताई काहीतरी म्हणेल असं वाटलं. तिचे दोन्ही हात काचेवर होते.

बाहेर आलो. दार लावलं.