मोकळं टेस्टोस्टेरॉन

२ नोव्हेंबर २०२५, रविवार
लिहायला फार उशीर झाला, माफी असावी. कोणाची माफी मागतो ते कळत नाही, वही माझीच. भाऊबीज झाली आणि आमची गोदावरी अकोल्याला मुलाकडे, केदारकडे गेली, तेव्हापासून एक ओळ नाही. आठ दिवसांसाठीच म्हणून गेली, ते कधीच उलटले. सूनबाईंची नोकरी, नातीला, अवनीला, शाळेतून आणायला कोणी हवं. जाताना म्हणाली, "तुमच्यापेक्षा देव बरे, ते निदान ऐकतात तरी." थट्टेनं म्हणाली.

अंगात त्राण नाही. काल सत्यनारायणात एक अध्याय विसरलो. दूध उतू गेलं तर डोळ्यांत पाणी. पण कारण सापडलं. शेजारच्या शेषरावांनी मोबाईलवर व्हिडिओ दाखवला. टेस्टोस्टेरॉन! पुरुषाच्या जोमाचं हार्मोन. रक्तात असतं, पण बरंचसं प्रथिनाला चिकटलेलं. मोकळं राहतं तेवढंच अंगी लागतं. म्हातारपणी तेच घटतं. शेषराव म्हणाले, "गुरुजी, आता काय दुसरं लग्न करून राहिले काय?" अडाणी माणूस.
संकल्प: उद्याच टेस्ट.

३ नोव्हेंबर, सोमवार
लॅबनं सांगितलं होतं, सकाळी उपाशी पोटी, नऊच्या आत. लॅब उघडते साडेसातला. सोमवारी साडेसात ते नऊ राहुकाळ. जन्मभर लोकांना मुहूर्त काढून देणाऱ्यानं आपलं रक्त राहुकाळात द्यावं? दुपारी जेवून, चारला गेलो. लॅबवाली कुरकुरली, "आबाजी, सकाळी यायले सांगतलं होतं ना!" पण घेतलं.

६ नोव्हेंबर, गुरुवार
कमी आलं! टोटल कमी, फ्री, म्हणजे मोकळं, तर फारच कमी. इतका आनंद बऱ्याच दिवसांत झाला नव्हता. म्हणजे मी तुसडा नाही, आजारी आहे. रिपोर्ट लगेच केदारला पाठवला.
संध्याकाळी गोदावरीचा फोन. स्वतःहून. "जेवता का वेळेवर? आवाज कावून असा येऊन राहिला?" चौदाला येते म्हणाली. मी फार बोललो नाही. हार्मोन कमी असल्यावर बोलणं होत नाही, आता तिलाही समजेल.
संकल्प: घर झाडणे. तिच्या गवती चहाला पाणी घालणे.

८ नोव्हेंबर, शनिवार
गवती चहाला पाणी घातलं. घर उद्या.
डॉक्टरांनी विचारलं, रक्त किती वाजता दिलं? सांगितलं. राहुकाळही सांगितला. म्हणाले, "गुरुजी, दुपारी पातळी उतरते, जेवल्यावर आणखी. एका रिपोर्टवर औषध देत नसतात. सकाळी परत द्या." मग विचारलं, "घरी सोबत कोण असते?" डॉक्टर लोक फार भलतंसलतं विचारतात.

११ नोव्हेंबर, मंगळवार
आज राहुकाळ दुपारी. सकाळीच उपाशी रक्त दिलं. निघताना देवापुढं हात जोडले, कमी येऊ दे. असं मागणं कोणत्या पोथीत नाही.

१३ नोव्हेंबर, गुरुवार
नॉर्मल. टोटल आणि फ्री दोन्ही. डॉक्टर म्हणाले, वयाच्या मानानं उत्तम. हे दुखणं रक्तातलं नाही, घरच्यांशी बोला.
रिपोर्ट कोणाला दाखवायचा नाही असं ठरवलं. पण लॅबनं तो केदारला धाडून दिला. मागच्या खेपेला मीच त्याचा नंबर लिहून आलो होतो.
गोदावरीचा फोन. "बरं झालं बाई, जिवाले घोर लागला होता. मग आता उद्याचं राहू देते. अवनीही सोडत नाही." म्हटलं, रहा की. मला काय झालंय? पुढचं वाक्य तोंडाशी आलं होतं, तोवर फोन बंद.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार
एसटी स्टँडवर जाऊन आलो. अकोल्याची गाडी आली, सगळे उतरले. शेषरावांना सांगितलं, फिरायला गेलो होतो, चालल्यानं हार्मोन वाढतो. 
गोदावरी, मला काहीही झालेलं नाही. तरी ये. येणं जमत नसेल, तर कधी येतेस तेवढा निरोप लवकर पाठव.