समुद्रात विष नाही

पनवेल, ९ ऑक्टोबर

तीर्थरूप आईस,
हरेशचा वाकून नमस्कार.

आधी महत्त्वाचं लिहितो. आपल्याकडचं पाणी हिरवं झालंय ते विषाने नाही, कंपनीच्या रसायनानेही नाही. तुझ्या पाटीतली मासळी लोकांनी खुशाल घ्यावी. फोनवर एवढं नीट सांगता आलं नसतं.

मी कॉलेजच्या ज्या प्रयोगशाळेत बाटल्या धुतो, तिथल्या मॅडमनी पाणी तपासलं. पहिल्या बाटलीत काहीच जिवंत दिसेना, तेव्हा मला वाटलं, पाण्यात विषच आहे. दादाला फोन केल्यावर कळलं, मला बाधू नये म्हणून तू पाणी उकळून पाठवलं होतंस! मॅडम हसून म्हणाल्या, "अरे हरेश, तुझ्या आईने सगळ्यांचं कालवण केलं की!"

मग दादाने न उकळता पाठवलेल्या पाण्यात सूक्ष्म शेवाळ सापडलं. एरवी समुद्रातले लहान जीव त्यावरच जगतात आणि मासे त्या जीवांवर. यंदा ते फार माजलं. मेलेलं शेवाळ जिवाणू खाऊन संपवतात, पण त्यात पाण्यातला प्राणवायू कमी होतो. म्हणून मासे लांब गेले. पाणी निवळलं की परत येतील.

"खायला चालेल ना?" मी दोनदा विचारलं.

"ही जात विषारी नाही. मी स्वतः खाईन."

तरी तिसऱ्या-शिंपल्या तेवढ्या सध्या नको म्हणाल्या, शेवाळ त्यांच्यात साठतं.

बाबा नीट जेवायला लागले का? तू?

मॅडमनी आपल्याकडचे बांगडे मागितलेत. बाजारात पाटी मांडलीस की हे सगळ्यांना ऐकू जाईल असं सांग.

आता निश्चिंत झालेला तुझा,
हरेश